खांदा द्यायला कोणी आलं नाही

आयर्लंडमधल्या किलवार्ना गावातली निम्मी पोरं ओनोरा कॉन्सिडीनच्या हातांवर जन्मली होती. ती गावची सुईण. नवरा बार्टली पोलिसात शिपाई. अंगावर इंग्रज राजाचा गणवेश, पण बोली, प्रार्थना, जेवणातले बटाटे सगळं इथलंच.

इंग्रजांविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या बंडातल्या पुढाऱ्यांना सरकारने गोळ्या घातल्या आणि गाव पालटलं. ओनोराचा धाकटा भाऊ मॅलकी एरवी मेव्हण्याबरोबर नदीवर मासे धरायला जायचा. तोही बंडवाल्यांना जाऊन मिळाला. हळूहळू पोलिसाशी बोलणंसुद्धा गद्दारी ठरलं. ओनोराला कोणी दूध देईना, पाव विकेना. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना.

"सोडून टाका ना ती नोकरी," ती म्हणायची.

"या वयात मला दुसरं काय जमणार? आणि मी कुणाचं वाकडं केलंय गं?"

एका सकाळी गिरणीच्या वळणावर बंडवाल्यांनी बार्टलीला गोळी घातली.

ओनोराने रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, शवपेटीपाशी मेणबत्त्या लावल्या, येणाऱ्यांसाठी चहा ठेवला. दार दिवसभर सताड उघडं होतं. ज्या बाया तिच्यापुढे कळा देताना रडल्या होत्या, त्या आपापल्या खिडकीच्या पडद्याआडून बघत राहिल्या.

संध्याकाळी मॅलकी आला.

"ताई, मी खांदा देतो."

"तू होतास तिथं?"

"गोळी माझी नव्हती."

"त्या वळणावरून ते रोज जातात, हे कुणी सांगितलं?"

मॅलकी पेटीच्या कडीकडे हात नेऊ लागला.

"मग पेटीला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या मदतीने तिने पेटी गाढवाच्या गाडीत चढवली आणि लगाम धरून एकटीच दफनभूमीपर्यंत चालत गेली.

पुढे राज्य आपलं झालं. पोलीस चौकीवर नवा झेंडा लागला, लोकांनी शेकोट्या पेटवल्या. बायांना कळा येतच होत्या. ओनोराला बोलावणी पुन्हा येऊ लागली. मॅलकीची बायको अडली, तेव्हा तो ओनोराच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. ओनोराने पिशवी उचलली. बाळ आडवं होतं, पण दोघंही वाचली.

"बार्टली नाव ठेवू?" मॅलकीने विचारलं.

हात धुता धुता ती म्हणाली, "दुसरं ठेव. त्या नावाने कुणी हाक मारली की मी अजून वळून बघते."

भावाशी ती पुन्हा कधी बोलली नाही. दर हिवाळ्यात तो तिच्या दाराशी जळण रचून जायचा. ती ते जाळायची. थंडी कुणाला चुकते? पण तो आला की दार मात्र उघडायची नाही.