मागची बाजू दाखवा

आमच्या भाईंदर पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. हाताने वस्तू बनवणाऱ्या बायकांचा एक ग्रुप त्या नेटवर चालवतात. नेट फोनच्याच लाइनवर, त्यामुळे ते चालू असलं की त्यांचा फोन एंगेज, आणि तो कायमच एंगेज. जिन्यात भेटल्या तरी आधी माझ्या ओढणीचं टोक उलटून बघणार, मग "कशी आहेस गं?" विचारणार. ग्रुपचा नियमही तोच. भरतकामाचा फोटो टाकलात, तर मागच्या बाजूचाही टाका. "मागे गाठी दिसल्या की हाताचं. नाय दिसल्या की मशीनचं. सिंपल!"

माझ्या आईचं भरतकाम मागूनही पुढच्यासारखंच दिसतं. दोऱ्याचं टोक ती टाक्यांखाली सरकवते, गाठ मारतच नाही. तिच्या टेबलक्लॉथचे दोन्ही बाजूंचे फोटो मी टाकले, तर ताईंनी ते काढून टाकले. वर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "मशीनचा माल इथे चालणार नाय."

माझं डोकंच फिरलं. त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि आईसमोर बसवलं. चष्मा कपाळावर चढवून त्या तिची सुई बघत राहिल्या. "भारीच हो मावशी!" म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. फोटो परत लागले. खाली एकच ओळ होती, "मी स्वतः तपासलंय, हाताचंच आहे."

सॉरी म्हणायला काय जात होतं?

 आई मात्र हल्ली प्रत्येक कापडाच्या मागे मुद्दाम एक गाठ मारून ठेवते.