ऑस्मोनं बसवलेलं काढताना

कोरिन बेलांजे आमच्या सरोवर-केंद्रात संगणक सांभाळायला आली, आणि पहिलंच काम तिच्या गळ्यात पडलं ते जुना सर्व्हर साफ करण्याचं. सुपीरियर सरोवरावरच्या लाटांची उंची मच्छीमारांना कळवणारा तो सर्व्हर. निवृत्त होईपर्यंत तो ऑस्मो केटुनेनच्या ताब्यात होता आणि ऑस्मोला तयार पॅकेजांचा तिटकारा. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड आणायचा, तिथंच घडवायचा, बसवायचा, आणि जागा वाचावी म्हणून कोडचं फोल्डर पुसून टाकायचा. ते फोल्डर असतं तर बहुतेक प्रोग्राम एकेका आज्ञेत काढून टाकता आले असते. आता सगळ्यांच्या फायली एकाच ढिगात पडलेल्या. कुठली कुणाची, पत्ता नाही.

मी शेजारच्या टेबलावर पाण्याचे नमुने तपासते. कोरिन दिवसभर पडद्याकडे बघत बसायची, कॉफी गार व्हायची. नोव्हेंबरात कंटाळून तिनं एक जुनी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तशी फाईल, अंदाजानंच उडवली.

दुसऱ्या दिवशी डूगन नावाच्या मच्छीमाराचा फोन आला. "तुमचा लाटांचा आकडा कालपासून हललेला नाही. इथं तर झाडं वाकताहेत. बोट काढू का नको?"

कोरिनचा चेहरा उतरला. "काढू नका," एवढंच ती म्हणाली. मग बॅकअपमधून ती फाईल परत ठेवली.

त्या शनिवारी आम्ही दोघी ऑस्मोकडे गेलो. तो सरपण रचत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बसवताना काढायचा विचार कोण करतं गं?" तो म्हणाला. "मी तिथून कधी जाईन असंच वाटलं नव्हतं."

"पण गेलात ना. आणि निस्तरतेय मी."

तो पुन्हा सरपण रचू लागला. पण पुढच्या आठवड्यात वेलदोड्याचा पाव घेऊन केंद्रात हजर झाला, आणि मग हिवाळाभर येत राहिला. तो आणि कोरिन एकेक प्रोग्राम घ्यायचे. तीच जुनी आवृत्ती शोधून पुन्हा घडवायची, पण बसवायची एका रिकाम्या फोल्डरात. तिथं ज्या फायली पडतील, तेवढ्याच खऱ्या जागेवरून काढायच्या, तेही दुसरं कुणी त्यांच्यावर अवलंबून नाही हे बघून. काही आवृत्त्या सर्व्हरच्या आताच्या यंत्रणेवर घडायलाच तयार नसत. मग दोघं वैतागायचे.

"हे कशाला बसवलं होतंत?"

"तेव्हा बरं वाटलं होतं."

बर्फ वितळायच्या सुमारास एकच लायब्ररी उरली. ती कुणाची, ऑस्मोलाही आठवेना. राहू दे, तो म्हणाला.

"राहू दे, राहू दे करतच हा ढीग झालाय," कोरिन म्हणाली. कुणाला ती लागत असेल तर कळावं म्हणून तिनं आधी फाईलचं नाव तेवढं बदललं, लाटांचा आकडा हलतोय याची खात्री केली आणि वाट पाहिली. कशाचीच तक्रार आली नाही. एका दुपारी तिनं ती पुसली.

बरं वाटलं का, मी विचारलं. झोप येतेय, ती म्हणाली, आणि कोट चढवून घरी गेली.