सरकारचा डबा

आज सकाळी एक मुंगी सरकारच्या डब्यावर चढताना दिसली आणि माझ्या छातीची धडधड पार शेजारच्या सोसायटीत ऐकू गेली असेल. डबा तसा साबुदाण्याचा. मी लग्नाचे फोटो काढतो. हातात दहा नोटा आल्या की आयकरासाठी तीन त्यात टाकतो. नोकरदारांचं बरं असतं. त्यांचा कर पगारातूनच कापला जातो, दोघांची धड ओळखही होत नाही. माझ्याकडे मात्र तो महिनोन् महिने मुक्कामाला असतो, जावयासारखा, फळीवर बसून माझ्या ताटाकडे बघत. मी आंबा कापला की डब्याचं झाकण खोकतं, शपथेवर सांगतो. पैसा हातात असून आपला नसणं म्हणजे काय, हे त्या फळीखाली जेवल्याशिवाय कळायचं नाही.

मुंगी झाकणाच्या फटीत शिरली. कराचा हप्ता उद्या भरायचा आहे, कमी पडला तर वर व्याज, आणि उन्हाळ्यात मी लेन्ससाठी त्यातल्या चार नोटा गुपचूप उचललेल्या.

"उघडा की," बायको म्हणाली. "मुंगी काय नोटा खाते?"

डबा उघडला. मोजल्या. चार नाही, सात कमी!

मी तिच्याकडे पाहिलं. ती रिकाम्या कढईत मन लावून उलथनं फिरवत होती.

"मिक्सर जळला होता," ती कढईला म्हणाली.

उरलेल्या नोटा मी बाहेर काढल्या, तशी तिनं त्यातली एक परत आत टाकली.

"डबा अगदी रिकामा करू नये हो."

आता आठ कमी.