फकिराचा बांध

बायको वच्छलाबाई गेली आणि फकिरानं मेंढरं विकली. एकट्यानं माळ पालथा घालायचं वय उरलं नव्हतं. मुलगा ऋतुराज चिकलठाण्याला कारखान्यात. तो म्हणाला, "आबा, इकडंच या." फकिरा गेला नाही. पिशोरच्या शिवारात थोडी जमीन होती, तिथंच खोपट घालून राहिला.

आजूबाजूला नजर जाईल तिथवर नुसता मका. फकिराच्या रानात मात्र मक्यात चवळी, तुरीत मूग, कडेनं ज्वारी. औषध तो फवारत नसे. मागं एकदा कुणाच्या तरी फवारलेल्या रानातला पाला खाऊन त्याची काही मेंढरं तडफडून मेली होती. तेव्हापासून पंपाला हात लावला नाही.

"अळीला खाणारंबी कुणी असतंय. त्याला राहायला जागा द्यावी लागती," तो म्हणे.

ती जागा म्हणजे त्याच्या आणि शेजारच्या सोमनाथच्या रानामधला बांध. बोरी, तरवड, उंच गवत. त्यात कोतवाल पाखरं, चिमण्या, गांधीलमाश्या, सरडे. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून फकिरा दिवसभर त्यांच्याशीच बोले.

सोमनाथला बांध खुपायचा. "काका, उंदरं आन् तण तिथूनच माझ्या रानात येतंय." ते काही खोटं नव्हतं.

दिवाळीला फकिरा मुलाकडं जाऊन आला. परतला तर बांध नव्हता. सोमनाथनं यंत्र लावून सपाट केला होता. फकिरा भांडला नाही. उकरलेल्या मातीवर नुसता बसून राहिला. पाखरांनी घिरट्या घातल्या आणि कुठंतरी निघून गेली.

तूर फुलात होती. घाटेअळी पडली. त्यानं तुरीत वाळक्या फांद्या रोवल्या, पाखरांना बसायला. कोतवाल आले, पण मोजकेच. निम्मी तूर अळीनं खाल्ली.

मग अवकाळी पाऊस कोसळला. सोमनाथचं रान वरच्या अंगाला. पाणी अडवायला काहीच नव्हतं. त्याची काळी माती फकिराच्या रानात घळ पाडत नाल्याला गेली. सकाळी सोमनाथ घळीच्या काठाशी उभा होता.

"काका, माझी माती गेली."

"माझीबी गेली."

"तुम्ही त्या दिवशी मला कायच बोलला नाय."

"बोलून बोरी उभ्या राहिल्या असत्या व्हय?"

दोघांनी मिळून दगड वाहिले, माती ओढली. नव्या बांधावर फकिरानं गवताची ठोंबं लावली, बोराच्या बिया टोचल्या. दिवस कलला तसा सोमनाथ घराकडं गेला. थांब म्हणण्यासारखं फकिराकडं काही नव्हतं.

चूल पेटवत असताना ऋतुराजचा फोन आला.

"आबा, आता तरी या."

"बांध नवा हाय. गवत धरू दे."

"आणि मग?"

"मग बोरी."

"त्यांना तर वर्षं लागतील."

"लागतील की."

ऋतुराजनं फोन ठेवला. पोरगं जेवलं का, ते विचारायचं राहिलंच, असं फकिराला भाकरी थापताना वाटलं.