आमच्या कोडमधली घाण

पाथरीत घरी बसून मी एका लहान संस्थेसाठी अ‍ॅप लिहीत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका फोनवर आपलं दुखणं सांगत, संस्थेच्या ताई ते त्यात नोंदवत. जोडीला कॉलेजातला एक मित्र होता, परभणीत. दोघांचा कोड गिटवर असायचा. कोणी काय बदललं, ते तिथं कायमचं जपून राहतं.

एका सकाळी त्याचं काम उतरवून घेतलं, तर चार ओळींच्या बदलाबरोबर लॉग फायलींचा ढिगारा आला. अ‍ॅप चालताना काय काय झालं ते टिपणाऱ्या या फायली आपोआप तयार होतात. कोडमध्ये त्यांचं काही काम नसतं. आठवड्यात तिसऱ्यांदा तेच. मला किळस यायला लागली होती. फोन लावला.

"हा उकिरडा कशाला पाठवायलास रे?"

"मी कुठं पाठवायलोय? गिटनं टाळायच्या यादीत लॉगच्या फोल्डरचं नाव घातलंय की. तरी जायलंय!"

यादी पाहिली. नाव बरोबर होतं. मग शोधल्यावर कळलं, की ही यादी फक्त नव्या फायलींना अडवते. एकदा नोंदीत घुसलेली फाईल गिट सोडत नाही. तिला आधी नोंदीतून काढावं लागतं.

काढण्याआधी सहज एक फाईल उघडली. आत वालूरच्या एका बाईचं नाव, नंबर, आणि तिचे शब्द जसेच्या तसे: 'अंगावरून लय जायलंय. मालकाला सांगू नका.'

हा फोल्डर पहिल्यांदा कोणी चढवला, ते पाहिलं. मीच. पहिल्याच दिवशी, न बघता, सगळं एकदम. आणि उकिरड्याचा दोष मित्राला देऊन झाला होता.

आदेश देऊन फायली नोंदीतून काढल्या. मित्र म्हणाला, "झालं की मग."

"जुन्या नोंदींत तसंच हाय सगळं."

दोन दिवस बसून जुना इतिहास पुसला, लॉगमध्ये नावं लिहिणं बंद केलं. मित्रासकट ज्या पाच जणांनी कधी ना कधी कोड उतरवून घेतला होता, त्यांना जुनी प्रत टाकून द्यायला लावली. टाकली का, ते मला माहीत नाही.

ताईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला तूच सांग."

हंगाम संपल्यावर जीपनं वालूरला गेले. बाईनं सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला.

"बाप्ये होते का वाचणारे?"

"होते."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला थुंकली. चहाचं विचारलं नाही. मीही थांबले नाही.