‘अहो’ कुणाचं ऐकत नाहीत

शर्टांच्या कारखान्यात कुजबूज अशी होती की कॉलरी शिवणाऱ्या, म्हणून कॉलरवाल्या, काकूंचा नवरा मेला तो वर गेलाच नाही, थेट त्यांच्या शिलाईमशीनमध्ये शिरला. म्हणून दुसरं कुणी बसलं की ती टाके गाळायची, आणि काकू बसल्या की सुतासारखी सरळ चालायची.

या कुजबुजीला काकूंचीच फूस होती म्हणा ना. नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. कुरकुरणारी मशीन रडूबाई, दोरा खाणारी भस्म्या, आणि मोठी कात्री नणंदबाई, कारण ती आवाज न करता कापते. स्वतःच्या मशीनला मात्र नवरा असेपर्यंत नाव नव्हतं. तो गेल्यावर महिन्याभराने त्या तिला ‘अहो’ म्हणू लागल्या. सकाळी आल्या की सगळ्यांकडे पाठ करून ती फडक्याने पुसायच्या, “अहो, उठा आता,” म्हणायच्या, आणि बायका तोंड दाबून हसायच्या.

त्यांची सून तीन महिन्यांपूर्वी तिथेच कामाला लागली होती, शिवलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायला. माहेरी आईच्या मशीनवर फ्रॉक शिवत मोठी झालेली पोर, तिचा डोळा मशीनवर असणारच. एका शनिवारी संध्याकाळी मालकीणबाईंनी दोघींना बोलावलं. काकूंची नजर आता थकली, सोमवारी सुनेने ‘अहो’वर बसून दाखवावं, जमलं तर जागा तिची आणि काकूंनी घरी आराम करावा. ‘आराम’ असं म्हणाल्या की जणू बक्षीसच देताहेत.

रविवार कसा गेला ते सुनेलाच ठाऊक. सासूबाईंनी एकच डबा तीनदा घासला. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा, आणि त्याने पेपरात तोंड खुपसलं. जमलं नाही तर दोरे कापण्यातच जन्म जायचा. जमलं तर सासूबाई घरात. आणि घरातल्या सासूबाई तिने सुट्टीच्या दिवशी पाहिल्या होत्या: दुपारी तीनलाच दाराशी येऊन बसलेल्या, हात कुठे ठेवावेत ते न कळणाऱ्या.

सोमवारी ती ‘अहो’समोर बसली.

“पाय जपून लाव गं,” रडूबाईवाली म्हणाली, “सासरे आहेत तुझे.”

पहिल्या कॉलरीत अर्धे टाके गळले. दुसरीतही तेच. तिने दोरा बदलला, बॉबिन काढून पुसली, पुन्हा बसवली. मालकीणबाई पाठीशी उभ्या राहून बोटात किल्ल्या फिरवत होत्या. बायकांचे पाय थांबले होते, कान इकडे लागले होते. सून तिसऱ्यांदा दोरा ओवायला वाकली आणि तिची नजर सुईवर पडली ती तिथेच राहिली.

तिने मान वर केली. समोर दोऱ्यांच्या ढिगाशी, तिच्याच जागी, सासूबाई उभ्या होत्या. हातातली कात्री उघडली होती, ती मिटायचं त्या विसरल्या होत्या. दोघींची नजरानजर झाली, आणि सासूबाईंनी पटकन खाली बघितलं.

सुनेने मशीनवरचा हात काढून घेतला.

“नाही जमत,” ती म्हणाली. “अहो माझं ऐकत नाहीत.”

एकच हशा पिकला. मालकीणबाई चरफडल्या आणि त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंनी येऊन सगळ्यांकडे पाठ केली, फडकं फिरवलं, आणि कॉलर सर्रकन शिवून बाहेर आली. सुनेकडे त्यांनी दिवसभर पाहिलं नाही. घरी जाताना मात्र तिच्या हातातली जड पिशवी ओढून घेतली आणि दारापर्यंत स्वतःच वाहिली.

पुढे चार वर्षं काकू त्या मशीनवर बसल्या आणि सून दोरे कापत राहिली.

मशीनमध्ये नवराबिवरा कुणी नव्हता. काकू रोज संध्याकाळी निघताना सुईचा स्क्रू सैल करून ती मागची बाजू पुढे अशी उलटी बसवायच्या आणि सकाळी पुसता पुसता सरळ करायच्या. सुनेला ते त्या सोमवारी दिसलं होतं.