सुनेपर्यंत न पोचलेला निरोप

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही.

आमचं घर तेल्हाऱ्याचं. आई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. बोंडांनी फाटलेल्या बोटांनीच सकाळी माझी वेणी घालायची. त्या वेचणीवर मी अकोल्यात बी.कॉम. झाले — खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे अमरावतीला असते. धाकटा भाऊ मंगेश जर्मनीत दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच लीनाशी त्यानं लग्न केलं. तो ड्यूटीवर असला की लीना आईला व्हिडिओ कॉल करायची. मी माझ्या मोबाइलात भाषांतराचं अ‍ॅप घेतलं. पण आईचं वऱ्हाडी त्याच्या पचनी पडेना. मग आई बोलणार, मी ते शाळेतल्या मराठीत टाईप करणार, अ‍ॅप जर्मनमध्ये बोलणार — असं सुरू झालं. लीनाचं उत्तर अ‍ॅप मराठीत लिहून दाखवायचं, ते मी आईला सांगायची. म्हणजे आईचं काय पुढे जाऊ द्यायचं, ते माझ्या हातात आलं.

लीनाला दिवस गेले. तिला आई नव्हती. एका दुपारी आई स्क्रीनवर वाकून म्हणाली, "पोरी, भेव नको. तुले माय नाही तं मी हाये ना. मी येतो तिकडे, तुयं बाळंतपण करतो." मग मला म्हणाली, "टाक. जसंच्या तसं टाक."

मी काय टाकलं? — 'तब्येतीला जप, असं आई म्हणते.' एवढंच.

का? विमानतळावर नऊवारीतली आई, दातांना मिश्री, तिचा तो खणखणीत आवाज, वळून पाहणारे लोक — सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मला लाज वाटली. तिची. माझ्या आईची.

लीना हसली, म्हणाली, डॉक्टर चांगले आहेत, काळजी करू नका. आणि मी आईला काय सांगावं? "ती म्हणते, सगळी सोय आहे, कोणी यायची गरज नाही."

आई म्हणाली, "बरं. शहानी हाये पोरगी." मंगेशजवळ तिनं विषयच काढला नाही — सुनेनंच नको म्हटल्यावर पोराला काय विचारायचं? जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती, ती मात्र पुरी केली. डिंकाच्या लाडवांसोबत पार्सलनं पाठवली. पार्सल मीच बांधलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी?

गेल्या हिवाळ्यात लीना लेकीला घेऊन आली. आईनं नातीला पायांवर घेतलं, तेल चोळलं, न्हाऊ घातलं. लीना पाहत राहिली. मग आपल्या फोनशी काहीतरी बोलली, आणि फोन मोठ्यानं मराठीत म्हणाला — "ही जन्मली तेव्हा मी फार एकटी होते. तुम्हाला बोलवावंसं वाटत होतं. पण तुम्ही येण्याचा विषय कधी काढला नाही, म्हणून मला धीर झाला नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ओल्या हातानंच लीनाच्या गालाला हात लावून म्हणाली, "आता बोलावजो, बाई. येतो मी."

ते मी टाकलं. एक शब्दही न गाळता.

आईनं त्या दिवशी मला काही विचारलं नाही. अजूनही नाही. मीही सांगितलेलं नाही.

यंदा लीनाला मुलगा झाला. तिचं ते बाळंतपण आईनं जर्मनीत राहून केलं.